विश्वकोशातली नॅनो

मोटारीवरची विश्वकोशातली नोंद दोन प्रकारे बिघडते. एक तर आकडा चुकतो: इंजिनाची क्षमता, किंमत, उत्पादनाचे वर्ष यांपैकी काहीतरी भलतेच छापले जाते. ही चूक त्यातल्या त्यात सोपी, कारण ती बोट ठेवून दाखवता येते आणि दुरुस्तही करता येते. दुसरा बिघाड चिवट असतो. त्यात एकेक वाक्य खरे असते. पण आधी काय सांगितले, काय गाळले आणि कशाला किती जागा दिली, यामुळे वाचकाच्या मनात उभे राहणारे चित्र खोटे ठरते. हे दोन्ही बिघाड समजून घ्यायला टाटा नॅनोसारखे उदाहरण भारतीय मोटारींमध्ये शोधूनही मिळणार नाही. या गाडीचे अफाट कौतुक झाले, तिच्यावरून एका राज्याचे राजकारण ढवळून निघाले आणि अखेर ती बंद झाली. तिच्याविषयी लिहायला बसणारा माणूस बहुधा आधीच कुठल्या तरी बाजूला झुकलेला असतो.

विकिपीडियासारख्या खुल्या ज्ञानकोशात कोणालाही भर घालता येते. तिथे एखाद्या नवख्या लेखकाच्या हातून पुढच्या धर्तीचा मजकूर सहज लिहिला जाईल: ‘टाटा नॅनो ही एक लाख रुपयांत मिळणारी, जगातली सर्वांत स्वस्त आणि क्रांतिकारक मोटार आहे. तिचे इंजिन ६२३ सीसीचे असून ती लिटरला २३.६ किलोमीटर मायलेज देते. मात्र आगीच्या घटना आणि सुरक्षा चाचणीतले शून्य तारे यांमुळे ही असुरक्षित गाडी सपशेल अपयशी ठरली.’ या तीन वाक्यांत एकही गोष्ट हवेतून काढलेली नाही. तरीही जवळजवळ प्रत्येक शब्दाला हात लावावा लागतो.

सुरुवात किमतीपासून करावी. एक लाखाचा आकडा पुढे आला तो २००३ मध्ये, जिनिव्हाच्या मोटार प्रदर्शनाच्या वेळी रतन टाटा यांनी दिलेल्या एका मुलाखतीतून. १० जानेवारी २००८ रोजी दिल्लीच्या ऑटो एक्स्पोमध्ये गाडी प्रथम दाखवली गेली, तेव्हा जाहीर झालेली एक लाखाची किंमत ही विक्रेत्याला पडणारी किंमत होती. व्हॅट आणि वाहतूक त्यात धरलेली नव्हती. २३ मार्च २००९ रोजी मुंबईत गाडी बाजारात आली, तेव्हा सर्वांत साध्या मॉडेलची दिल्लीतली एक्स-शोरूम किंमत सुमारे १ लाख २३ हजार रुपये होती. नोंदणी करणाऱ्यांतून पहिले एक लाख ग्राहक सोडतीने निवडले गेले आणि जाहीर झालेली किंमत त्यांच्यापुरती कायम ठेवण्यात आली. पुढे दर वाढले. म्हणजे ‘एक लाखाची गाडी’ हे वाक्य खोटे नाही, पण कोणती किंमत, कोणत्या वर्षी, कोणासाठी, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थही नाही. ‘सर्वांत स्वस्त’ या दाव्याचेही तेच. ‘बाजारात आली त्या वेळी, मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या नव्या मोटारींमध्ये’ एवढी चौकट घातली की दावा टिकतो. चौकट काढली की वापरलेल्या किंवा जुन्या काळातल्या मोटारींशी तुलना करणारा कोणीही तो खोडून काढायला मोकळा होतो. शिवाय उत्पादन थांबलेल्या गाडीसाठी ‘आहे’ हे क्रियापद चालत नाही, तिथे ‘होती’ हवे. ही दुरुस्ती किरकोळ वाटते, पण जुन्या नोंदींमध्ये सर्वाधिक राहून जाते ती हीच.

इंजिनाचा आकडा अधिक शिकवून जातो. २००८ मध्ये गाडी दाखवताना दिलेल्या माहितीत इंजिन ६२३ सीसीचे आणि ३३ पीएस शक्तीचे होते. वर्षभराने विक्रीला आलेल्या गाडीची माहिती ६२४ सीसी आणि ३५ पीएस सांगते. दोन्ही आकडे कंपनीचेच, दोन्ही छापील. खुल्या ज्ञानकोशात अशा फरकावरून दोन संपादक एकमेकांचे बदल उलटवत बसतात आणि प्रत्येकाच्या हातात संदर्भ असतो. खरे पाहता इथे वादाला जागाच नाही, कारण पहिला आकडा प्रदर्शनात ठेवलेल्या गाडीचा आणि दुसरा ग्राहकाला मिळालेल्या गाडीचा आहे. नंतरच्या सुधारित आवृत्तीत तर इंजिन ३८ पीएसपर्यंत गेले. संदर्भ आहे एवढ्याने भागत नाही. तो कोणत्या वर्षीच्या, कोणत्या आवृत्तीबद्दल बोलतो आहे हे पाहावे लागते. नोंदीतल्या तक्त्यात प्रत्येक आवृत्तीला वेगळी ओळ दिली की भांडण मिटते.

मायलेजचा २३.६ हा आकडा पुण्याच्या एआरएआय या संस्थेने प्रमाणित केलेला. सुधारित आवृत्तीसाठी तो २५.४ झाला. हे आकडे ठरावीक चाचणीत मोजलेले असतात, म्हणून ‘गाडी इतके मायलेज देते’ असे न लिहिता ‘चाचणीत इतके नोंदले गेले’ असे लिहावे. इथे गाडीच्या मालकांना आपला अनुभव जोडण्याचा मोह होतो. कोणाला घाटात १७ मिळालेले असते, कोणाला महामार्गावर २६. ते खरे असेल, पण दुसऱ्याला पडताळता येत नाही. स्वतःचे मोजमाप किंवा संशोधन ज्ञानकोशात घालायचे नाही, हा विकिपीडियाच्या मूळ नियमांपैकी एक आहे.

‘क्रांतिकारक’ हा शब्द काढून टाकावा, पण रिकामी जागा तशीच ठेवू नये. त्या विशेषणामागे जे काही होते ते मांडावे. इंजिन मागे बसवलेले, सिलिंडर दोनच, लांबी सुमारे ३.१ मीटर, साध्या मॉडेलचे वजन सुमारे ६०० किलो. वायपर एकच. चाकाला चारऐवजी तीन नट. सुरुवातीच्या गाड्यांत डिकी बाहेरून उघडतच नसे, सामान मागच्या सीटवरून आत टाकावे लागे. एवढे वाचल्यावर खर्च कुठे कुठे वाचवला हे वाचकाला दिसते. याला कल्पकता म्हणायचे की काटकसर, हे तो ठरवतो. नोंदीच्या लेखकाने ते ठरवून देण्याचे कारण नाही.

आगीच्या घटनांपाशी हात जपून चालवावा लागतो. २००९ पासून काही नॅनोंना आग लागल्याच्या बातम्या आल्या. त्यांतली मार्च २०१० मधली मुंबईची घटना, नवी कोरी गाडी शोरूममधून घरी नेतानाची, देशभर गाजली. नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने एक्झॉस्ट आणि विजेच्या जोडण्यांसाठी जादा संरक्षण मोफत बसवून देऊ केले, मात्र याला गाड्या परत बोलावणे म्हणायला तिने नकार दिला. तटस्थ नोंदीत कंपनीने काय केले, त्याला काय नाव दिले आणि टीकाकारांनी काय म्हटले, हे तिन्ही येते. त्याच नोव्हेंबरमध्ये विक्री घसरून ५०९ गाड्यांवर आली. ही दोन वाक्ये शेजारी ठेवली की आगीमुळेच विक्री बुडाली असे वाचक आपोआप धरून चालतो. त्या काळातल्या लिखाणात इतरही कारणे येतात: वाढलेल्या किमती, कर्ज मिळण्यातल्या अडचणी, लहान गावांत न पोचलेले विक्रेते, ‘स्वस्त गाडी’ हा शिक्का. या शिक्क्याने नुकसान झाल्याचे रतन टाटा यांनीही पुढे बोलून दाखवले. यांतले एकच कारण निवडणे हा निवाडा होतो, आणि निवाडा द्यायचाच तर तो कोणाचा हे सांगावे लागते.

आगीचा विषय किती वाहवत नेतो याचे मोठे उदाहरण अमेरिकेतले आहे. फोर्ड पिंटो या गाडीला मागून धडक बसल्यास टाकी फुटून पेट घेण्याचा धोका होता. १९७७ मध्ये ‘मदर जोन्स’ या नियतकालिकाने या आगींतल्या मृत्यूंचा अंदाज ५०० ते ९०० असा दिला. सरकारी सुरक्षा यंत्रणेच्या नोंदीत मागून बसलेल्या धडकेनंतरच्या आगीत २७ मृत्यू होते. त्याहून जास्त पसरली ती हिशेबाच्या कागदाची गोष्ट: माणसाच्या जिवाची किंमत दोन लाख डॉलर धरून फोर्डने पिंटोत ११ डॉलरचा भाग बसवायचे टाळले. कागद खरा होता. पण तो गाडी उलटल्यावर होणाऱ्या इंधनगळतीबद्दल होता आणि हिशेब अमेरिकेतल्या सर्वच कंपन्यांच्या सुमारे सव्वा कोटी वाहनांचा मांडलेला होता. दोन लाख डॉलरचा आकडाही सरकारी यंत्रणेकडूनच आलेला. कायद्याचे अभ्यासक गॅरी श्वार्ट्झ यांनी १९९१ मध्ये हे सविस्तर दाखवून दिले. म्हणून फोर्ड निर्दोष ठरते असे मात्र नाही. कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने तिला भरपाई द्यायला लावली, १९७८ मध्ये कंपनीने सुमारे १५ लाख गाड्या परत बोलावल्या, आणि १९८० मध्ये इंडियानातल्या फौजदारी खटल्यातून ती सुटली. चांगल्या नोंदीत हे सगळे एकत्र नांदते. दंतकथा मोडताना गाडीचा खरा दोष पुसला गेला, तर एक झुकाव जाऊन दुसरा आला एवढेच.

नॅनोच्या ‘शून्य ताऱ्यां’मागेही असाच तपशील दडलेला आहे. जानेवारी २०१४ च्या अखेरीस ग्लोबल एनकॅप या वाहनसुरक्षा चाचणी संस्थेने भारतातल्या पाच लहान गाड्यांच्या चाचण्यांचे निकाल जाहीर केले. मारुती अल्टो ८००, ह्युंदाई आय१०, फोर्ड फिगो, फोक्सवॅगन पोलो आणि नॅनो, या पाचही गाड्यांना प्रौढांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने झाली आणि सगळ्या गाड्या एअरबॅग नसलेल्या साध्या मॉडेलच्या होत्या. केवळ नॅनोच्या नोंदीत ‘शून्य’ लिहायचे आणि इतर चौघींच्या नोंदींत त्याचा उल्लेखही नसायचा, तर ज्ञानकोश एका गाडीवर अन्याय करतो. याच्या उलट टोकही आहे. ‘पाचही गाड्यांना शून्यच मिळाले’ एवढे सांगून नॅनोची बाजू सावरणारा संपादक निकालातला महत्त्वाचा भेद गाळतो. फिगो आणि पोलोचा सांगाडा धडकेत स्थिर राहिला होता. नॅनो, अल्टो आणि आय१० यांचा राहिला नाही, त्यामुळे त्यांना नुसत्या एअरबॅग लावूनही फारसा उपयोग झाला नसता. पोलोच्या दोन एअरबॅग असलेल्या मॉडेलला नंतर चार तारे मिळाले आणि कंपनीने एअरबॅग नसलेले मॉडेल बंद केले. शून्य पाचही जणींना, पण त्याचा अर्थ प्रत्येकीपुरता वेगळा. हा भेद सांगायला दोन वाक्ये पुरतात, आणि नोंदीची खरी कसोटी त्याच दोन वाक्यांत लागते.

सिंगूरच्या बाबतीत प्रश्न मुख्यतः शब्दांचा आणि जागेचा. एका बाजूचे लोक ‘कारखाना पळवून लावला’ लिहितात, दुसऱ्या बाजूचे ‘जमीन लुबाडली’. पश्चिम बंगाल सरकारने नॅनोच्या कारखान्यासाठी तिथे ९९७ एकर जमीन संपादित केली. काही शेतकऱ्यांनी मोबदला घेतला, काहींनी नाकारला. ममता बॅनर्जी यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनानंतर ३ ऑक्टोबर २००८ रोजी टाटांनी प्रकल्प हलवत असल्याचे जाहीर केले. ३१ ऑगस्ट २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते संपादन रद्द करून जमीन परत द्यायला सांगितली. ऑक्टोबर २०२३ मध्ये लवादाने टाटा मोटर्सला ७६५.७८ कोटी रुपये आणि व्याज देण्याचा निवाडा दिला. यांतली एकच तारीख निवडणारा संपादक आपला कल उघड करतो. तरीही गाडीच्या नोंदीत हा इतिहास पानभर पसरू नये. त्याची जागा सिंगूर आंदोलनाच्या स्वतंत्र नोंदीत आहे. इथे गाडीपुरते हवे: उत्पादन लांबले, पहिल्या गाड्या पंतनगरला बनल्या आणि जून २०१० मध्ये गुजरातेतल्या साणंदचा कारखाना सुरू झाला.

‘सपशेल अपयशी’ या शब्दांच्या जागी साणंदची वर्षाला अडीच लाख गाड्यांची क्षमता आणि २०११–१२ या चांगल्या वर्षातली सुमारे ७४ हजारांची विक्री ठेवावी. जून २०१८ मध्ये एकच नॅनो तयार झाली, हेही नोंदवावे. तोट्याबद्दल सायरस मिस्त्री यांचे २०१६ चे पत्र नेहमी उद्धृत होते. त्यात हा तोटा एका टप्प्यावर हजार कोटींपर्यंत गेल्याचे म्हटले आहे. हे पत्र त्यांना टाटा समूहाच्या अध्यक्षपदावरून दूर केल्यावर, वाद पेटलेला असताना लिहिले गेले आहे. म्हणून ‘तोटा हजार कोटी होता’ असे न लिहिता ‘मिस्त्री यांनी पत्रात असे म्हटले’ असे लिहावे.

हे सगळे हिशेबात धरले तर मूळची तीन वाक्ये अशी होतात: ‘टाटा नॅनो ही टाटा मोटर्सने २००९ मध्ये बाजारात आणलेली आणि २०१८ पर्यंत तयार केलेली, मागे इंजिन असलेली छोटी मोटार होती. बाजारात आली त्या वेळी मोठ्या प्रमाणावर तयार होणाऱ्या नव्या मोटारींत ती सर्वांत स्वस्त मानली जाई. काही गाड्यांना आगी लागल्यानंतर कंपनीने २०१० मध्ये जादा संरक्षण मोफत देऊ केले. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत एअरबॅग नसलेल्या इतर चार भारतीय मॉडेलांप्रमाणे नॅनोलाही शून्य तारे मिळाले. विक्री कारखान्याच्या क्षमतेपेक्षा कायम बरीच कमी राहिली.’ मजकूर वाढला आणि त्यातली चमक उतरली. पण यातले प्रत्येक विधान पडताळता येते, आणि गाडीच्या चाहत्याला किंवा टीकाकाराला त्यातले काही खोडता येत नाही.

संदर्भ निवडताना कंपनीचे प्रसिद्धिपत्रक मोजमापांसाठी चालते, स्तुतीसाठी चालत नाही. न्यायालयाचा निकाल तारखेसाठी आणि आदेशासाठी घ्यावा. त्याचा अर्थ लावण्यासाठी जाणकारांचे प्रसिद्ध लिखाण पाहावे. वर्तमानपत्रातली बातमी वापरताना एक सापळा टाळावा लागतो: वार्ताहराने माहिती विकिपीडियावरूनच घेतलेली असते आणि मग तीच बातमी विकिपीडियावर पुरावा म्हणून येते. बातमीची तारीख आणि तो मजकूर नोंदीत केव्हा आला याचा इतिहास ताडून पाहिला की हे उघड होते. कंपनीचे कर्मचारी आणि विक्रेते यांनी आपला संबंध जाहीर करून थेट बदल करण्याऐवजी चर्चा पानावर सूचना मांडावी, असा संकेत आहे.

मराठी विश्वकोशाच्या छापील खंडांत नोंदीखाली लेखकाचे नाव असते आणि दुरुस्ती पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबते. मराठी विकिपीडियावर दुरुस्ती क्षणात होते, पण संपादक थोडे आहेत. इंग्रजीतून एकदा आणलेली नोंद मूळ लेख कितीतरी वेळा बदलला तरी वर्षानुवर्षे तशीच राहते. अशा नोंदीत ‘सध्या’, ‘अलीकडे’, ‘लवकरच’ हे शब्द शोधून त्या जागी वर्ष घालावे. किंमत दिली असेल तिथे तारीख आणि शहर जोडावे. बदल का केला ते बदलाच्या सारांशात एका ओळीत लिहावे, म्हणजे पुढच्या संपादकाला ३३ पीएसवर परत जाण्याआधी कारण वाचायला मिळेल.