कॉम्प्रेसर एकटा बिघडत नाही

पॅकार्ड या अमेरिकी कंपनीने 1940च्या मॉडेलमध्ये कारखान्यातच बसवलेला एसी दिला, तेव्हा त्याचा कॉम्प्रेसर बंद करायची सोयच नव्हती. गारवा नको असेल तर गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचे, बॉनेट उघडायचे आणि पट्टा उतरवून ठेवायचा. पुढे विद्युतचुंबकीय क्लच आला आणि हे काम डॅशबोर्डवरच्या बटणावर आले. आता पुली इंजिनबरोबर फिरतच राहते. क्लचने पकड घेतली, की मगच कॉम्प्रेसरचा दांडा फिरतो.

जनरल मोटर्सचा 1962 मध्ये आलेला फ्रिजिडेअर ए-6 हा त्या पिढीतला गाजलेला कॉम्प्रेसर. कॅडिलॅकपासून रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोपर्यंत अनेक गाड्यांत तो बसला. वजन सुमारे 16 किलो, बांधणी दणकट. दुखणे मात्र ठरलेले, ते दांड्याच्या सीलचे. गाडी महिनोन्महिने उभी राहिली की सील कोरडे पडते आणि गॅस हळूहळू निसटतो. त्याच्याबरोबर तेलही जाते. तेल कमी पडले की आतले भाग घासू लागतात आणि एके दिवशी कॉम्प्रेसर जॅम होतो.

जुना काढून नवा बसवला, एवढ्यावर हे काम भागत नाही.

जॅम झालेल्या कॉम्प्रेसरमधला धातूचा चुरा कंडेन्सरमध्ये आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात जाऊन बसतो. तो धुऊन काढला नाही, तर नव्याचीही तीच गत होते. ओ-रिंगा बदलाव्या लागतात. ड्रायर बॉटलही नवीच हवी, कारण तिच्यातले दाणे उघड्या हवेतला ओलावा चटकन शोषून घेतात आणि मग निरुपयोगी ठरतात.

यापुढचा प्रश्न गॅसचा. या गाड्यांचे एसी आर-12 या गॅसवर चालत. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी 1974 मध्ये असे वायू ओझोनचा थर खातात हे दाखवले, 1987 मध्ये माँट्रियल करार झाला आणि 1996 पासून अमेरिकेत आर-12चे उत्पादन थांबले. त्याच्या जागी आर-134ए आला. पण जुने खनिज तेल या गॅसमध्ये मिसळत नाही, त्यामुळे ते कॉम्प्रेसरपर्यंत परतत नाही. म्हणून एस्टर किंवा पॅग तेल वापरतात. नवा गॅस जुन्या रबरी नळ्यांतूनही झिरपतो, तेव्हा आतून अस्तर असलेल्या बॅरियर नळ्या घालणे बरे. जनरल मोटर्सच्या बऱ्याच गाड्यांत कूलिंग कॉइलवर बर्फ धरू नये म्हणून पीओए नावाचा व्हॉल्व्ह असे. तो आर-12च्या दाबाला जुळवलेला असल्यामुळे त्याचीही जुळवणी बदलावी लागते.

कॉम्प्रेसर निवडताना मालकाची खरी कसोटी लागते. मूळ ए-6 उघडून, सील बदलून पुन्हा उभा करता येतो. गाडीचे अस्सलपण जपायचे असेल तर हा मार्ग सर्वांत चांगला. बाहेरून तसाच दिसणारा अॅल्युमिनियमचा हलका कॉम्प्रेसरही मिळतो. रोज गाडी चालवणारे अनेकजण जपानी सँडेन 508 बसवतात. तो पाच सिलिंडरचा आणि ए-6च्या निम्म्याहून कमी वजनाचा असतो. मात्र त्यासाठी वेगळा ब्रॅकेट लागतो आणि सगळ्या पुल्या एका रेषेत आल्या नाहीत, तर पट्टा झिजतो किंवा उडतो.

जोडणी झाल्यावर व्हॅक्यूम मारणे टाळू नये. पंपाने दाब पुरेसा उतरवला की नळ्यांतले पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफ होते आणि बाहेर पडते. ते आत राहिले, तर गॅसशी संयोग होऊन आम्ल तयार होते आणि धातू आतून कुरतडला जातो. पंप बंद केल्यावर गेजचा काटा जागचा हलला, तर कुठेतरी गळती आहे असे समजायचे. त्यानंतर गॅस वजन करून भरायचा. मूळ आर-12 जितका लागे, साधारण त्याच्या 80 टक्के आर-134ए पुरतो. अंदाजाने जास्त भरला तर दाब चढतो आणि गारवा उलट कमी होतो.

त्यानंतर गाडी उभी असली, तरी थंडीच्या दिवसांतही अधूनमधून काही मिनिटे एसी चालवावा, म्हणजे सीलपर्यंत तेल पोहोचत राहते.