चेंडूला चेंडू लागला तर?

गोट्या खेळताना तुम्ही काय करता? एक डोळा मिटता, नेम धरता आणि आपली गोटी दुसऱ्याच्या गोटीवर मारता. नेम बरोबर लागला, की सगळे मित्र "शाबास!" म्हणून ओरडतात. कॅरममध्येही असेच असते. स्ट्रायकर सोंगटीवर आदळतो, ती सोंगटी दुसरीला ढकलते आणि दुसरी पॉकेटमध्ये जाते. एकाने दुसऱ्याला टक्कर देणे, हीच या खेळांतली गंमत आहे.

पण असाही एक खेळ आहे, की ज्यात आपला चेंडू दुसऱ्याच्या चेंडूला लागला तर कोणी शाबास म्हणत नाही. उलट दंड होतो. हा खेळ म्हणजे गोल्फ. त्यातही मौज अशी, की हा दंड कधी होतो आणि कधी होत नाही. टक्कर तीच, मैदान तेच, मग असे का? या पाठात आपण तेच समजून घेणार आहोत.

आधी या खेळाची थोडी ओळख करून घेऊ. गोल्फ हा खेळ स्कॉटलंडमध्ये वाढला आणि तेथून जगभर पसरला. आपल्या देशातही तो फार पूर्वी आला. कोलकात्याचा गोल्फ क्लब 1829 साली स्थापन झाला. हा श्रीमंतांचा खेळ आहे, असे पुष्कळ लोक समजतात. परंतु दिल्लीच्या मैदानावर कॅडीचे काम, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहण्याचे काम केलेले अली शेर यांनी 1991 साली इंडियन ओपन ही मोठी स्पर्धा जिंकली. ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू होत.

गोल्फचे मैदान खूप मोठे असते. त्यात सामान्यतः 18 होल, म्हणजे जमिनीतले छोटे गोल खळगे असतात. खेळाडू लांब काठीने चेंडू मारतो. या काठीला क्लब म्हणतात. वाटेत गवत, झाडे, पाणी आणि वाळूचे खड्डे असतात. हे सगळे पार करून चेंडू होलजवळ आणायचा. होलभोवती गवत अगदी बारीक कापलेले असते. गालिच्यासारख्या गुळगुळीत दिसणाऱ्या या भागाला ग्रीन म्हणतात. होलची रुंदी 108 मिलिमीटर असते. चेंडूची रुंदी निदान 42.67 मिलिमीटर असावी लागते. ग्रीनवर चेंडू उंच उडवायचा नसतो. पटर नावाच्या चपट्या तोंडाच्या काठीने तो हळूच ढकलायचा असतो. ज्याने कमी फटक्यांत चेंडू होलमध्ये टाकले, तो जिंकला. म्हणजे क्रिकेटमध्ये जास्त धावा काढणारा मोठा, तर गोल्फमध्ये कमी फटके मारणारा मोठा.

आता आपण मुख्य गोष्टीकडे वळू. समजा, अन्वर आणि सुरेश गोल्फ खेळत आहेत. दोघांचेही चेंडू ग्रीनवर आले आहेत. अन्वरचा चेंडू होलपासून आठ मीटर दूर आहे. सुरेशचा चेंडू होलपासून एक मीटरवर, नेमका अन्वरच्या वाटेत आहे. अन्वर पटरने चेंडू ढकलतो. चेंडू घरंगळत जातो आणि सुरेशच्या चेंडूला लागतो. दोन्ही चेंडू आपापल्या जागेवरून हलतात. आता काय करायचे?

येथे तीन प्रश्न उभे राहतात. अन्वरचा चेंडू कोठून खेळायचा? सुरेशच्या चेंडूचे काय करायचे? आणि दंड कोणाला?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. टक्कर झाल्यावर अन्वरचा चेंडू जेथे थांबला, तेथूनच अन्वरने पुढचा फटका मारायचा. टक्कर होऊन तो होलमध्ये पडला असेल, तर तो होलमध्ये गेला असेच धरतात.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही स्पष्ट आहे. सुरेशचा चेंडू जेथे होता, तेथे परत ठेवायचा. नेमकी जागा कळत नसेल, तर अंदाजाने ठरवायची. या धक्क्याने सुरेशचा चेंडू होलमध्ये पडला, तरी सुरेशला त्याचा फायदा मिळत नाही. चेंडू बाहेर काढून मूळ जागी ठेवावा लागतो. तो लांब गेला, तरी सुरेशचे नुकसान होत नाही. सुरेशने काहीच केलेले नाही. म्हणून त्याला फायदाही नको आणि तोटाही नको.

तिसरा प्रश्न दंडाचा. त्याचे उत्तर देण्यापूर्वी आपल्याला दोन गोष्टी विचाराव्या लागतात. एक, फटका मारण्यापूर्वी दोन्ही चेंडू ग्रीनवर होते का? दोन, खेळ कोणत्या पद्धतीचा चालला आहे?

गोल्फ खेळण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एक मॅच प्ले आणि दुसरी स्ट्रोक प्ले. मॅच प्लेमध्ये दोन खेळाडूंची समोरासमोर लढत असते. प्रत्येक होलचा निकाल वेगळा लागतो. जास्त होल जिंकणारा सामना जिंकतो. स्ट्रोक प्लेमध्ये मात्र अनेक खेळाडू भाग घेतात. ते दोन-दोन, तीन-तीनच्या गटांत मैदानावर फिरतात. प्रत्येकाच्या सर्व फटक्यांची बेरीज होते आणि सर्वांत कमी बेरीज असणारा पहिला येतो.

आता नियम पाहा. स्ट्रोक प्लेमध्ये, दोन्ही चेंडू आधीपासून ग्रीनवर असतील आणि एक चेंडू दुसऱ्या स्थिर चेंडूला लागला, तर फटका मारणाऱ्याला दोन फटक्यांचा दंड होतो. समजा, अन्वर तीन फटक्यांत ग्रीनवर आला होता. चौथा फटका सुरेशच्या चेंडूला लागला. चार आणि दंडाचे दोन मिळून सहा झाले. पुढच्या फटक्यात चेंडू होलमध्ये गेला, तर त्या होलवर अन्वरचे सात फटके लिहिले जातील. मॅच प्लेमध्ये मात्र याच टक्करीला काहीही दंड नाही.

अन्वरचा चेंडू ग्रीनच्या बाहेर असता, तर स्ट्रोक प्लेमध्येही दंड झाला नसता. चेंडूचा थोडासा भाग जरी ग्रीनला टेकलेला असला, तरी तो ग्रीनवर आहे असे मानतात. आणि सुरेशचा चेंडूही त्या वेळी चालत असेल तर? दोन चालते चेंडू ग्रीनवर अचानक एकमेकांना लागले, तर ग्रीनवरून मारलेला फटका रद्द होतो. तो चेंडू पहिल्या जागेवर ठेवून पुन्हा खेळायचा. त्याला दंड नाही.

तुम्ही विचाराल, "सर, ही टक्कर चुकून झाली. मग अन्वरला दंड कशाला?"

याचे उत्तर असे, की ही टक्कर टाळणे अन्वरच्या हातात होते. ग्रीनवर कोणाचाही चेंडू वाटेत असेल, तर तो उचलायला सांगता येतो. उचलण्याची रीतही ठरलेली आहे. आधी चेंडूच्या अगदी मागे किंवा शेजारी एखादे नाणे किंवा छोटी चकती ठेवायची. ही झाली खूण. मग चेंडू उचलायचा. आपली पाळी आली, की चेंडू त्याच जागी ठेवायचा आणि खूण काढून घ्यायची. खूण न ठेवता चेंडू उचलला, तर एका फटक्याचा दंड होतो. ती खूणसुद्धा कोणाच्या वाटेत येत असेल, तर पटरच्या रुंदीइतकी बाजूला सरकवता येते. मात्र नंतर ती आठवणीने पूर्वीच्या जागी आणावी लागते. हे सर्व करायला अर्धा मिनिटही लागत नाही. दुरून, ग्रीनच्या बाहेरून मारलेला चेंडू नेमका कोठे जाईल हे सांगता येत नाही, म्हणून तेथे सूट आहे. ग्रीनवर मात्र सर्व काही डोळ्यांसमोर असते. तेथे काळजी न घेणाऱ्याला सूट नाही.

तरीही एक शंका उरतेच. मॅच प्लेमध्ये दंड का नाही?

नीट विचार करा. मॅच प्लेमध्ये अन्वरला फायदा झाला, तर नुकसान फक्त सुरेशचे होते. सुरेश तेथेच उभा आहे. आपल्या चेंडूला टेकून अन्वरचा चेंडू होलजवळ थांबेल, असे त्याला वाटले, तर तो आपला चेंडू आधीच उचलून घेईल. ज्याचे नुकसान व्हायचे आहे, तो स्वतःच राखण करायला हजर आहे.

स्ट्रोक प्लेमध्ये असे नसते. समजा, पन्नास खेळाडू स्पर्धेत आहेत. अन्वर आणि सुरेश एका ग्रीनवर आहेत. बाकीचे खेळाडू मैदानात दूरदूर पांगलेले आहेत. सुरेशच्या चेंडूमुळे अन्वरचा चेंडू अडला आणि त्याचा एक फटका वाचला, तर नुकसान एकट्या सुरेशचे नाही. ते त्या सगळ्यांचे आहे. त्यांना तर याची खबरही नाही! त्यांच्या हक्काची राखण कोण करणार? ती हा नियम करतो.

म्हणूनच आणखी एक नियम आहे. स्ट्रोक प्लेमध्ये दोन खेळाडूंनी आपसांत ठरवून, एकाला मदत व्हावी म्हणून दुसऱ्याचा चेंडू होलजवळ तसाच ठेवला आणि फटका मारला गेला, तर टक्कर होवो अथवा न होवो, ठरवणाऱ्या दोघांनाही दोन-दोन फटक्यांचा दंड होतो. दोघांना वाटते, आपण दोस्ती निभावली. पण ही दोस्ती तिसऱ्याच्या खिशातून केलेली असते.

हे नियम एका दिवसात तयार झाले नाहीत. 1744 साली स्कॉटलंडमधल्या लीथ येथील खेळाडूंनी गोल्फचे 13 नियम लिहून काढले. त्यांतही दोन चेंडू एकमेकांना चिकटून पडले तर काय करावे, याचा नियम होता. पुढचा चेंडू उचलायचा, मागचा खेळून होऊ द्यायचा, असे तो सांगत होता. परंतु चेंडू चिकटलेले नसतील, नुसते वाटेत असतील, तर? पुढे मॅच प्लेमध्ये असा नियम रूढ झाला, की दोन चेंडूंमध्ये सहा इंचांपेक्षा जास्त अंतर असेल, तर वाटेतला चेंडू उचलायचाच नाही. मागच्या खेळाडूने वळसा घालून किंवा चेंडूवरून उडवून आपला चेंडू न्यावा. या अडचणीला स्टायमी म्हणत. बॉबी जोन्स या प्रसिद्ध अमेरिकन खेळाडूने 1930 साली सेंट अँड्र्यूज येथे सिरिल टॉली याच्याविरुद्धचा अटीतटीचा सामना अशाच स्टायमीमुळे जिंकला. दुसऱ्याची वाट अडवून जिंकणे योग्य आहे का, यावर पुष्कळ वर्षे वाद झाला. शेवटी 1952 साली ब्रिटन आणि अमेरिका येथील नियम करणाऱ्या संस्थांनी एकत्र येऊन सारखे नियम लागू केले आणि स्टायमी रद्द झाली. हे नियम आजही वेळोवेळी सुधारले जातात. 2019 साली त्यांची नव्याने मांडणी झाली आणि 2023 साली त्यांत पुन्हा काही बदल झाले.

आता शेवटचा प्रश्न. एवढे सारे नियम पाळले जातात की नाही, हे बघतो कोण? क्रिकेटमध्ये पंच खेळाडूंजवळच उभे असतात. गोल्फमध्ये बहुतेक वेळा असे कोणी नसते. खेळाडूलाच आपली चूक सांगून आपला दंड मोजावा लागतो.

याच बॉबी जोन्सची एक गोष्ट ऐका. 1925 सालची अमेरिकन ओपन स्पर्धा चालू होती. गवतात पडलेला चेंडू मारायला तो उभा राहिला, तोच चेंडू किंचित हलला. दुसऱ्या कोणाला ते दिसले नाही. जोन्सने मात्र स्वतःहून सांगितले, की माझा चेंडू हलला आहे, मला एका फटक्याचा दंड लावा. स्पर्धा संपली तेव्हा जोन्स आणि विली मॅकफार्लेन यांची बेरीज सारखी झाली. तो एक फटका धरला नसता, तर जोन्स तेथेच जिंकला असता. निकालासाठी दोघे पुन्हा खेळले आणि त्यात जोन्स एका फटक्याने हरला. त्याने ती स्पर्धा चार वेळा जिंकली आहे. पण लोक त्या चार विजयांइतकीच या एका पराभवाची आठवण काढतात.

मित्रांनो, आपल्यापैकी फार थोडे जण गोल्फच्या मैदानावर जातील. पण ग्रीनवरचा हा प्रसंग आपल्यासमोर रोज येतो. परीक्षेत शेजारचा मित्र हळूच उत्तर विचारतो. रेशनच्या रांगेत ओळखीचा माणूस आपल्याला पुढे बोलावतो. दोघेही खूश असतात आणि त्यात कोणाचे बिघडले, असे आपण म्हणतो. बिघडते ते त्या तिसऱ्याचे, जो तेथे बोलायला हजर नसतो किंवा रांगेत मागे गप्प उभा असतो. अशा वेळी त्याची आठवण ठेवून पाऊल मागे घेणारा मुलगा खरा खेळाडू होय.

स्वाध्याय

1. गोट्यांचा खेळ आणि गोल्फ यांत कोणता मुख्य फरक आहे?
2. सुरेशचा चेंडू धक्क्याने होलमध्ये पडला, तर तो परत का ठेवावा लागतो?
3. स्ट्रोक प्लेमध्ये दंड होतो, पण मॅच प्लेमध्ये होत नाही. याचे कारण तुमच्या शब्दांत लिहा.
4. बॉबी जोन्सच्या जागी तुम्ही असता, तर काय केले असते? पाच ओळी लिहा.
5. तुमच्या आवडत्या खेळाचा एक नियम निवडा. तो नियम नसता तर काय झाले असते, ते वर्गात सांगा.