पिवळ्या पिशवीचा धूर कोणाच्या छातीत?

२०२० साली कोरोनायोद्ध्यांसाठी थाळ्या वाजल्या, दिवे लागले, हेलिकॉप्टरमधून रुग्णालयांवर फुले पडली. पण त्याच रुग्णालयांच्या मागच्या दाराने रोज काय बाहेर पडत होते, ते कोणाचे हात उचलत होते आणि कोणाच्या वस्तीत जात होते, हे प्रस्थापितांनी विचारले नाही. म्हणून आम्ही विचारतो.

जागतिक आरोग्य संघटनेने फेब्रुवारी २०२२ मध्ये हिशेब मांडला. मार्च २०२० ते नोव्हेंबर २०२१ या काळात संयुक्त राष्ट्रांच्या एका उपक्रमातून सुमारे ८७ हजार टन संरक्षक साहित्य देशोदेशी गेले. त्यातले बहुतेक कचरा झाले. लसीच्या ८०० कोटी मात्रांमुळे सिरिंज, सुया व पेट्यांचा १ लाख ४४ हजार टन कचरा वाढला, तो वेगळाच.

आपल्याकडे कायदा नव्हता काय? होता. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ सांगतात : पिवळ्या पिशवीतले जाळा, लाल पिशवीतले प्लास्टिक वाफेने निर्जंतुक करून पुनर्वापराला द्या. पण भीतीपोटी जेवणाचे उरलेसुरले आणि बाटल्यासुद्धा पिवळ्या पिशवीत गेल्या. साधा कचरा वेगळा ठेवा, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाला २०२० मध्येच सुधारित सूचनांतून बजावावे लागले. हा प्रश्न केवळ शिस्तीचा नाही. क्लोरीनयुक्त प्लास्टिक नीट न जळाले तर डायॉक्सिन व फ्युरान ही विषे तयार होतात. म्हणूनच भट्टीच्या दुसऱ्या कक्षात सुमारे १०५० अंश सेल्सिअस तापमान आणि धूर किमान दोन सेकंद रोखणे नियमाने बंधनकारक आहे. भट्टीवर भार वाढला आणि तापमान घसरले की ते विष चिमणीतून बाहेर पडते.

ही चिमणी मलबार हिलवर नसते. मुंबईच्या रुग्णालयांचा कचरा जाळणारी भट्टी गोवंडीत, १९२७ पासून शहराचा उकिरडा पोसणाऱ्या देवनारच्या शेजारी उभी राहिली. रहिवासी न्यायालयात गेले. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रायगडच्या खालापूर तालुक्यात दोन वर्षांत हलविण्याबाबत निर्देश दिले. गोवंडीकरांचा हा विजयच. पण खालापुरातही आदिवासी वाड्या आहेत. धुराचा पत्ता बदलला म्हणजे न्याय झाला, असे आम्ही मानत नाही.

आणि पिशवी उचलणारा कोण? बहुधा आपल्याच समाजातला कंत्राटी कामगार. मनुस्मृतीने ज्याला घाण वाहायला लावली, त्यालाच आज ठेकेदार तेच काम देतो. त्याला हिपॅटायटिस-बी व धनुर्वाताची लस, संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि वर्षातून एकदा आरोग्य तपासणी देणे ही नियम ४ नुसार रुग्णालयाची जबाबदारी आहे, मेहेरबानी नव्हे. निष्काळजीपणाने पर्यावरणाची वा जनतेची हानी झाल्यास नियम १८ नुसार रुग्णालय व भट्टीचालक उत्तरदायी आहेत.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, दरवर्षी ३० जूनपर्यंत प्रत्येक रुग्णालयाला नमुना ४ मध्ये वार्षिक अहवाल द्यावा लागतो. आपल्या तालुक्यातल्या रुग्णालयांचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागवा. किती कामगारांना लस दिली, किती जणांची तपासणी केली, किती अपघात नोंदले, हे तपासा. कागदावरचे आकडे घेऊन त्या कामगारांना भेटा. जिथे तफावत दिसेल तिथे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. बाबासाहेबांनी दिलेल्या संविधानातला अनुच्छेद २१ जगण्याचा हक्क देतो. श्वास त्यातच येतो. पुढची साथ येईल तेव्हा फुले नकोत, हातमोजे द्या!