ताप आला म्हणून पुढची लस चुकवू नका

दीड महिन्याच्या बाळाला लस टोचून आणली की संध्याकाळी अंग तापते, मांडी सुजते, बाळ किरकिर करते. मग नानी म्हणते, "चांगलं खेळतं लेकरू आजारी पाडलंत!" आणि कित्येक घरांत पुढची लस राहून जाते. हा ताप येतो कुठून, ते आपण समजून घेऊ.

सरकारी दवाखान्यात सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्याला मिळणारी पेंटाव्हॅलंट लस पाच रोगांना अडवते: घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकला, हिपॅटायटिस बी आणि हिब. त्यातला डांग्या खोकल्याचा भाग म्हणजे मारलेले अख्खे जिवाणू. अमेरिकेतील मिशिगन राज्यात पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोन संशोधक महिलांनी 1930 च्या दशकात या रोगावर परिणामकारक लस तयार केली. पुढे तिचा कस उंदरांवर पाहिला जाऊ लागला. लस दिलेल्या उंदरांच्या मेंदूत जिवंत जिवाणू टोचायचे आणि किती उंदीर वाचतात ते मोजायचे.

उंदरांनी आणखी एक गोष्ट शिकवली. या मेलेल्या जिवाणूंसोबत एखादे परके प्रथिन, समजा अंड्याच्या पांढऱ्या भागातले, टोचले तर त्या प्रथिनाविरुद्धही अँटिबॉडी म्हणजे प्रतिपिंडे जास्त तयार होतात. नुसते प्रथिन टोचून एवढी होत नाहीत. जिवाणूच्या आवरणातील द्रव्ये आणि त्याचे विष शरीराच्या पहारेकऱ्यांना खडबडून जागे करतात. जागा झालेला पहारेकरी मग सोबत आलेल्यालाही नीट ओळखून ठेवतो. म्हणूनच या लशीच्या सोबतीने घटसर्प आणि धनुर्वाताच्या लशींचाही जोर वाढतो. ताप ही त्या जागेपणाची खूण आहे. अर्थात ताप आला नाही म्हणजे लस वाया गेली, असेही नाही.

उंदरांत ॲलर्जीची प्रतिपिंडेही वाढलेली दिसली. मग मुलांना दमा होईल का? उंदीर म्हणजे माणूस नव्हे. स्वीडनमध्ये अर्भकांचे गट पाडून केलेल्या, 1998 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलांत ॲलर्जीच्या विकारांचा ठळक फरक आढळला नाही.

तेव्हा बाळाला अंगावर पाजत राहा, कपडे सैल ठेवा, तापाचे औषध नर्सताईंनी सांगितले तेवढेच द्या. झटके आले किंवा बाळ तासन्‌तास रडत राहिले तर लगेच डॉक्टरांकडे न्या. एरवी दोन दिवसांत ताप उतरतो. डांग्या खोकला मात्र तान्ह्या बाळाचा श्वास कोंडतो. लसीकरणाचे कार्ड जपून ठेवा आणि पुढची तारीख चुकवू नका.