वैलावरचे कळण आणि विजेचे मडके

दिवाळी अंक हाती पडला की गृहिणी पान उलटते ती अनारसे जाळीदार कसे होतात किंवा चकली मऊ का पडते, हे वाचायला. अशा वेळी तिच्यापुढे मी कुळथाच्या कळणाची वाटी ठेवणार आहे! पण भगिनींनो, इतक्यात नाक मुरडू नका. चार दिवस तेल, तूप आणि साखर यांचा मारा सोसून झाला की पाचव्या दिवशी घरातली लहानथोर मंडळी एकच मागणी करतात, "आज काहीतरी साधं, गरम आणि जरा झणझणीत कर." ही गोष्ट त्या पाचव्या दिवसाची आहे.

कोकणात ज्याला कुळीथ म्हणतात, तोच देशावरचा हुलगा. भाताची कापणी झाली की जमिनीत जी थोडीफार ओल उरते तिच्यावर हे कडधान्य येते. फारसे लाड नाहीत, फारसे पाणी नाही. दिसायला तांबूस, चपटे, गरीब; पण त्यात प्रथिने मात्र शेकडा 22 च्या आसपास. आपण त्याच्या पिठाचे पिठले करतो, जुन्नर-नाशिककडे त्याचे शेंगोळे होतात, कर्नाटकात त्याचे सार करतात, आणि आंध्रात तर कुळीथ शिजवलेले पाणी मंद आचेवर तासन् तास आटवून केलेले 'उलवचारू' लग्नाच्या पंगतीत मानाने वाढतात. आमच्या घरी चालत आला तो प्रकार म्हणजे मोड आलेल्या कुळथाचे कळण. कुळीथ भरपूर पाण्यात शिजवायचे, पाणी गाळून घ्यायचे, दाण्यांची उसळ आणि पाण्याचे कळण. एका पातेल्यात दोन पदार्थ; टाकायचे काही नाही.

हे कळण सासूबाईंनी आपल्या माहेरी, संगमेश्वराकडे, आईच्या हाताखाली शिकलेले. तिथल्या चुलीला वैल होता. ज्यांनी चूल पाहिली नाही अशा तरुण वाचकांसाठी सांगते, चुलीच्या बाजूलाच दुसरे लहान तोंड ठेवलेले असे. मुख्य जाळाची उरलेली ऊब आतल्या भोकातून तिकडे जाई. भाकरी-भात चुलीवर, आणि दूध, डाळ, कळण वैलावर. वैलाला वेगळे सरपण नाही, त्याच्यापाशी कोणी बसायला नको. चुलीवर चार माणसांचा स्वयंपाक होता होता वैलावरचे मडके आपल्या आपण रटरटत राही. सासूबाई म्हणतात, "कळणाला जाळ नको असतो गं, वेळ हवा असतो."

पुण्यात बिऱ्हाड झाले, गॅस आला आणि वैल गेला. गॅसवर तीन-तीन तास पातेले ठेवणे खिशाला परवडणारे नव्हते, आणि त्याच्यावर लक्ष ठेवायला घरात माणूसही नव्हते. प्रेशर कुकरने कुळीथ पटकन शिजवून दिले, हे खरेच. पण सासूबाईंनी पहिला घोट घेतला आणि वाटी खाली ठेवली. "दाणा शिजला, पाणी पाणीच राहिलं," एवढेच त्या बोलल्या. पुढे वर्षा-दोन वर्षांतून एकदा हौसेने कळण होई, मग तेही बंद पडले. घरातले एखादे पक्वान्न असे एका दिवसात जात नाही. कोणाच्या लक्षात येऊ नये इतक्या बेताने निघून जाते.

लक्षात आले ते गेल्या वर्षी. सासूबाई आता 86 वर्षांच्या आहेत. गुडघ्यांमुळे ओट्याशी उभे राहवत नाही, एका डोळ्याने अंधुक दिसते, आणि दातांची तर गोष्टच नको. रात्रीचे जेवण त्यांनी जवळजवळ सोडले होते. "मला नको काही, तुम्ही जेवा," हे रोजचे. मुलगा आठला घरी येणार, सून नऊला, नातवाची शिकवणी साडेसातला संपणार; प्रत्येकाचे ताट वेगळ्या वेळी. एका संध्याकाळी त्यांनी नातवाला सहज सांगितले, "आमच्या वैलावरचं कळण तू कधी प्यायलाच नाहीस. आता माझ्याबरोबरच जायचं ते." त्यांनी हे तक्रारीच्या सुरात म्हटले नव्हते, म्हणूनच ते मला फार लागले.

त्याच सुमारास सुनेने घरी स्लो कुकर आणला. विजेवर चालणारे एक जाड चिनीमातीचे भांडे, भोवती तापणारे कवच, वर काचेचे झाकण, आणि 'मंद', 'जलद' अशा दोन खुणा. सासूबाईंनी हाताने चाचपून पाहिले आणि विचारले, "ह्याची शिट्टी कुठं आहे?" शिट्टी नाही म्हटल्यावर त्यांना यंत्राविषयी थोडा आदर वाटू लागला.

या भांड्याची जन्मकथा मी मागाहून वाचली, आणि ती मला फार आवडली. अमेरिकेत आयर्विंग नॅक्सन नावाचे एक संशोधक होते. त्यांची आई मूळची लिथुआनियातल्या विल्ना गावची. ज्यू धर्माप्रमाणे शुक्रवारी सूर्यास्तापासून शब्बाथ सुरू होतो आणि मग चूल पेटवायची नाही. म्हणून शुक्रवारी दुपारीच कडधान्य, मांस आणि भाज्या घातलेले 'चोलंट'चे भांडे भट्टीवाल्याकडे पोचवायचे. भट्टी विझत जाई, पण तिच्या उबेत ते भांडे रात्रभर शिजत राही. आईच्या तोंडून ऐकलेली ही हकिकत मुलाच्या डोक्यात राहिली आणि त्यातून त्यांनी विजेचे मंद आचेचे भांडे बनवले. त्याचे पेटंट 1940 साली मिळाले. त्या भांड्याला पुढे नाव पडले 'बीनरी', म्हणजे कडधान्य शिजवायचे यंत्रच म्हणा ना! 1970 साली हा धंदा रायव्हल कंपनीने घेतला आणि 1971 मध्ये तेच भांडे 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आले. अमेरिकेतल्या बायका त्या काळात मोठ्या संख्येने नोकरीला बाहेर पडत होत्या. सकाळी भांडे लावायचे आणि संध्याकाळी गरम जेवण तयार, ही सोय त्यांनी उचलून धरली.

मी ही गोष्ट सासूबाईंना वाचून दाखवली. शब्बाथ म्हणजे काय ते त्यांना निराळे सांगावे लागले नाही. कोकणात तेलाचे घाणे चालवणाऱ्या बेने इस्राएल लोकांना 'शनवार तेली' म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, हे त्यांना लहानपणापासून माहीत. त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या बाईची भट्टी तोच आपला वैल. मग लाव की कुळीथ!"

परंतु चुलीवरची कृती जशीच्या तशी या भांड्यात उतरत नाही. यंत्राचा स्वभाव ओळखून चार गोष्टी बदलाव्या लागतात.

पहिली गोष्ट पाण्याची. उघड्या मडक्यातून वाफ निघून जाते. इथे झाकणावर जमलेली वाफ पुन्हा आतच पडते. म्हणून चुलीवर वाटीभर कुळथाला दहा वाट्या पाणी लागत असेल, तर इथे सहा पुरतात. दुसरी गोष्ट आंबटाची. आमसुले सुरुवातीला घातली तर दाणा शिजता शिजत नाही, कारण आंबटाने कडधान्याची साल आणि गर घट्ट राहतो. तिसरी गोष्ट नारळाच्या दुधाची. ते तासन् तास तापले तर फुटते. ही दोन्ही अगदी शेवटी. चौथी गोष्ट फोडणी. या भांड्याला फोडणी करता येत नाही, आणि फोडणीवाचून कळण म्हणजे कुंकवावाचून कपाळ! ती पळीत वेगळी करून वरून ओतायची.

आणखी एक सूचना मात्र कानाशी धरून सांगते. कडधान्य कच्चे या भांड्यात टाकू नये. राजम्यात तर एक विषारी द्रव्य असते. ते खळखळत्या उकळीने नाश पावते, पण मंद आचेने तसेच राहते आणि उलट्या-जुलाब होतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने राजमा पाच तास भिजवून ताज्या पाण्यात अर्धा तास उकळायला सांगितले आहे. कुळीथ राजम्याइतका त्रासदायक नाही, तरी मी तो आधी गॅसवर दहा मिनिटे खळखळून उकळते. त्याने फेसही निघून जातो.

आता कृती. चार-पाच माणसांना दीडशे ग्रॅम कुळीथ घ्यावे. नीट निवडून, धुऊन रात्रभर भिजवावे. सकाळी ते पाणी ओतून द्यावे आणि दाणे ओल्या फडक्यात बांधून ठेवावे. दुसऱ्या दिवशी बारीक मोड दिसतात. थंडीत थोडा अधिक वेळ लागतो. ताज्या पाण्यात दहा मिनिटे उकळून फेस काढावा आणि पाणी निथळून टाकावे. मग दाणे स्लो कुकरमध्ये घालून त्यावर सहा वाट्या कढत पाणी, एक चिरलेला कांदा, पाच-सहा लसणाच्या पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, अर्धा चमचा भरड जिरे-मिरी, चिमूटभर हळद आणि वाटीभर लाल भोपळ्याच्या फोडी घालाव्या. भोपळा ही माझी भर. त्याने सूपला अंग येते. झाकण लावून 'मंद'वर आठ तास, किंवा घाई असेल तर 'जलद'वर चार-पाच तास. मधे झाकण उघडून डोकावण्याचा मोह टाळावा. एकदा उघडले की गेलेली ऊब भरून यायला वीस-पंचवीस मिनिटे जातात.

दाणा बोटात सहज चिरडला की निम्मे दाणे झाऱ्याने काढून ठेवावे. उरलेले रवीने भांड्यातच घुसळावे. मीठ, कोमट पाण्यात भिजवलेली चार-पाच आमसुले पाण्यासकट, आणि अर्धी वाटी नारळाचे दाट दूध घालून पंधरा मिनिटे झाकून ठेवावे. शेवटी दोन चमचे तुपात जिरे, हिंग, ठेचलेला लसूण, सुकी मिरची आणि कढीलिंब यांची चरचरीत फोडणी. झाले सूप! पावाबरोबर चालते, मऊ भाताबरोबर उत्तम, आणि नुसते पेल्यातून प्यायला तर काय विचारता.

ते निम्मे दाणे काढण्यावरून आमच्याकडे थोडी चकमक झाली. सून म्हणाली, सगळेच घुसळले तर दाट सूप होईल आणि एकाच भांड्यात जेवण आटोपेल. सासूबाईंचे म्हणणे, "मग उसळ कशाची करणार? कुळीथ दोनदा जेवू घालतो, त्याला एकदाच का राबवता?" निम्मे-निम्मे हा तह माझा. रात्री सूप होते, आणि दुसऱ्या दिवशीच्या डब्यात उसळ जाते.

खर्चाचे म्हणाल, तर आमचा साडेतीन लिटरचा कुकर सुमारे 200 वॅटचा आहे. आठ तासांत दीड-पावणेदोन युनिट वीज जाते. दोन हजार वॅटचा गीझर पाऊण तास चालला तर तेवढीच जाते. मधेच वीज बराच वेळ गेली, तर सगळे पातेल्यात ओतून गॅसवर शिजवून घ्यावे. कोमट पाण्यात अन्न तासन् तास पडू देऊ नये. उरलेले सूप गार करून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवावे.

आता खरे विचाराल, तर हे वैलावरचे कळण आहे का? नाही. लाकडाच्या धुराचा वास विजेला येत नाही, आणि मडक्याच्या मातीची चवही नाही. सासूबाईंनी पहिला पेला सावकाश संपवला, थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "धूर नाही. पण वेळ आहे ह्यात." मग त्यांनी अर्धा पेला आणखी मागितला. सहा महिन्यांत त्यांनी रात्री काही मागून घेतल्याची ती पहिलीच वेळ.

आता आठवड्यातून एकदा कळणाचा दिवस असतो. सकाळी भांडे लागते. आठला आलेल्याला आठला गरम, नऊला आलेल्याला नऊला गरम. कधी कधी सगळी माणसे मुद्दाम एकमेकांसाठी थांबतात, कारण त्या वासापुढे वेगळे जेवणे कोणालाच बरे वाटत नाही.

या सगळ्या व्यवस्थेत एकच काम यंत्राने घेतलेले नाही. कुळथात खडे फार, आणि तेही नेमके दाण्याच्याच रंगाचे. चांगल्या डोळ्यांनासुद्धा ते चकवतात. सासूबाई मात्र परात मांडीवर घेऊन, खिडकीकडे पाहत, बोटांच्या टोकांनी दाणे चाळवत जातात आणि खडा लागला की न बघता बाजूला टाकतात. नातू शेजारी बसून त्यांनी टाकलेले खडे मोजतो, आणि मग स्वतःची बोटे परातीत घालून डोळे मिटून खडा शोधू लागतो. परवा त्याला एक सापडला. सासूबाईंनी तो हातात घेतला, चोळून पाहिला आणि म्हणाल्या, "हा दाणाच आहे रे. पुन्हा बघ."