आवाज कानात पूर्ण होतो

दीड-दोन हजार रुपयांचा वायरवाला इन-इअर मॉनिटर, म्हणजे कानाच्या नळीत बसणारा इअरफोन, भिंगाखाली धरला की त्याच्या अंगावरची भोकं दिसतात. एक कानात जाणाऱ्या तोंडाच्या नळीच्या बुडाशी, एक पाठीमागच्या झाकणावर. सुईचं टोक जेमतेम जाईल एवढी. विकत घेताना त्यांच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही, कारण खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेलं असतं ते आत किती ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, आहेत आणि त्यांच्या पडद्याचा व्यास किती आहे. ऑर्केस्ट्रा आणि नाटकांना साउंड देणाऱ्या एका मित्राच्या टेबलाशी बसून अशा मॉनिटरांची चिरफाड बघायला लागल्यापासून मी मात्र आधी भोकं शोधतो.

मित्राने चिमट्याने चिकटपट्टीचा एक बारीक तुकडा उचलून पाठीमागच्या भोकावर लावला आणि तबल्याचं रेकॉर्डिंग पुन्हा सुरू केलं. डग्ग्याची घुमक ओसरली, बोल कोरडे झाले. मग तीच पट्टी काढून पुढच्या भोकावर. आता डग्गा अंगावर यायला लागला, इतका की चाटेवरची टिचकी त्याच्या आड गेली. ‘‘ड्रायव्हर तोच, वायर तीच, तबलजी तोच,’’ तो म्हणाला. ‘‘मी नुसती हवेची वाट अडवली.’’

कानातल्या मॉनिटरचं सगळं तंत्र या एका वाक्याभोवती फिरतं, असं माझं मत झालं आहे.

आत असतं ते मोठ्या स्पीकरचंच छोटं रूप. चुंबक, तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला साधारण 10 मिलिमीटर व्यासाचा पातळ पडदा. हा एवढासा पडदा खर्ज ऐकवतो कसा? खोलीतल्या स्पीकरला त्यासाठी खोलीभर हवा हलवावी लागते. कानात पडद्यासमोर असते दोन घन सेंटिमीटरहूनही कमी हवा, आणि तीही कोंडलेली. सायकलच्या पंपाच्या तोंडावर अंगठा दाबून दट्ट्या जरासा ढकलला तरी अंगठ्याला जोर जाणवतो. अंगठा सैल पडला की दट्ट्या कितीही रेटा, नुसती फुसफुस. नळीवर चढवलेलं रबर कानात नीट बसलं नाही की मॉनिटरचं हेच होतं. गळती सगळ्यात आधी खर्ज खाते. वरचे सूर जवळजवळ तसेच राहतात, त्यामुळे ऐकणाऱ्याला वाटतं की मॉनिटर कर्कश आहे.

हे ताडायला मित्राची युक्ती सोपी आहे. काळी एकात लावलेला तंबोरा लावायचा. त्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ सूर 69 हर्ट्झच्या आसपास असतो. तो चालू असताना मॉनिटर बोटाने हलकेच आत दाबायचा. दाबल्यावर तंबोरा एकदम भरून आला, तर रबर लहान आहे किंवा तिरकं बसलंय. काहीच फरक पडला नाही तर बसलंय नीट.

मग इतकी कोंडलेली हवा हवी असताना बनवणारा स्वतःहून भोकं का पाडतो? पुढचं भोक नसेल तर मॉनिटर कानात सारताना हवा दाबली जाते आणि नाजूक पडदा मागे मुडपतो. काही स्वस्त मॉनिटर घालताना कागद चुरगळल्यासारखा ‘कर्र’ आवाज येतो, तो हाच. पाठीमागचं भोक पडद्यामागच्या हवेला मोकळीक देतं, म्हणजे पडदा मोकळेपणाने हलतो. पण भोक मोठं झालं तर बाहेरचा गोंगाट आत येतो आणि बास सैल होतो. म्हणून भोकावर बारीक जाळी किंवा सच्छिद्र कागदाची चकती लावतात. तिची वीण किती दाट ठेवायची, हा मॉनिटर जुळवणाऱ्याच्या कौशल्याचा खरा भाग. नळीच्या तोंडावरच्या जाळीचंही तसंच. हौशी लोक तिथे औषधाच्या दुकानातला मायक्रोपोर टेप लावून चढा आवाज थोडा खाली आणतात. हा जुगाड चालतो, मी ऐकला आहे.

महागड्या मॉनिटरांत बऱ्याचदा दुसऱ्या जातीचा ड्रायव्हर असतो: बॅलन्स्ड आर्मेचर. पाच-सहा मिलिमीटर लांबीची धातूची डबी, आत दोन चुंबकांच्या मध्ये तोलून धरलेली पत्ती, पत्तीला जोडलेली बारीक दांडी आणि दांडीने हलणारा इवलासा पडदा. ही डबी संगीतासाठी घडली नव्हती, तिचा संसार श्रवणयंत्रांत. श्रवणयंत्रांच्याच क्षेत्रात काम केलेल्या मीड किलियन यांच्या एटिमॉटिक रिसर्च या अमेरिकी कंपनीने 1991 साली ‘ईआर-4’ काढला: कानात एकच आर्मेचर आणि एकावर एक तीन पाकळ्यांचं रबर. मंचावरची गरज वेगळी होती. गायकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून समोर जमिनीवर तिरके स्पीकर ठेवतात. त्यातला आवाज माइकमध्ये शिरला की ‘कुईंऽऽ’ होतं, आणि ड्रमरला काही ऐकू यायचं तर तो स्पीकर कान फुटेस्तोवर वाढवावा लागतो. व्हॅन हेलन या रॉक बँडचे मॉनिटर इंजिनिअर जेरी हार्वी यांनी 1995च्या सुमारास त्यांचा ड्रमर अ‍ॅलेक्स व्हॅन हेलन याच्यासाठी कानात बसणारे मॉनिटर बनवले. त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली.

एका आर्मेचरला खर्जापासून टाळापर्यंत सगळं पेलणं जड जातं. म्हणून दोन, चार, आठ, बारा डब्या एका कवचात कोंबायची चढाओढ लागली. कोणता सूर कोणत्या डबीकडे जायचा हे कपॅसिटर ठरवतात, आणि त्यांच्याइतक्याच बारीक प्लॅस्टिकच्या नळ्याही ठरवतात. नळी लांब आणि अरुंद केली की वरचे सूर वाटेतच गळतात. नळीत बसवायचे डँपरही रंगांनी ओळखतात: हिरवा 1,500 ओहमचा, लाल 2,200चा. हा ओहम विजेचा नव्हे, हवेला होणाऱ्या अडथळ्याचा. इतक्या डब्या एकमेकींशी जुळल्या नाहीत तर आवाजाला ठिगळं दिसतात, पुरुषी आवाज एका डबीतून दुसऱ्या डबीत गेल्याचा सांधा कळतो. चांगला जुळवलेला एक पडदा मला बारा बेजुळ डब्यांपेक्षा केव्हाही बरा वाटतो.

मंचावरचे कलाकार मॉनिटर स्वतःच्या कानाच्या मापाने करून घेतात. माप घ्यायचं काम ऑडिओलॉजिस्टचं, आणि पद्धत श्रवणयंत्राच्या साच्याचीच. ते कसं घेतात ते बघायला मी गेलो आणि माझेच कान पुढे केले. ऑडिओलॉजिस्ट ताईंनी आधी दिवा धरून कान तपासला, मळ नाही याची खात्री केली. मग दोरा बांधलेला स्पंजचा बोळा आत सरकवला, कानाच्या दुसऱ्या वळणाच्या पलीकडे. सिलिकॉन कानाच्या पडद्यापर्यंत जाऊ नये म्हणून हा बांध. दोन रंगांचं सिलिकॉन मळून पिचकारीत भरलं आणि ते गार, मऊ, हळूहळू कानात चढत गेलं. बाहेरचं जग विझलं. उरला स्वतःचा श्वास आणि आवंढा गिळल्याचा मोठा आवाज. ‘‘बोलू नका, हसू नका,’’ अशी खूण त्यांनी केली. गाणाऱ्या माणसाचं माप घेताना दातांत ठोकळा धरून तोंड उघडं ठेवायला लावतात. जबडा हलला की कानाच्या नळीचा आकार बदलतो. मिटल्या तोंडाने घेतलेल्या साच्यात वरचा षड्ज लावताना फट पडते आणि बास निघून जातो. साचे निघाले तेव्हा माझे डावे-उजवे कान जुळे नाहीत हे कळलं. डाव्याचं दुसरं वळण चांगलंच तीव्र होतं. एका बाजूला रबर सारखं निसटायचं त्याचं कारण हातात आलं.

साचा खोल का हवा यालाही कारण आहे. कानाच्या नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा, आतला हाडाचा. आपण गातो तेव्हा कूर्चा थरथरते, आणि तोंड बुजलेल्या कानात तीच थरथर अडकून स्वतःचा आवाज मडक्यात बोलल्यासारखा येतो. कवच हाडापर्यंत पोचलं तर हा घुमारा कमी होतो.

कान बुजवण्याचा आणखी एक परिणाम लगेच लक्षात येत नाही. आपली मोकळी नळी साधारण 25 मिलिमीटर लांब असते आणि 3,000 हर्ट्झच्या आसपासचे सूर ती आपोआप उचलून धरते. जन्मापासून मेंदू हे गृहीत धरतो. मॉनिटर घातला की ही उचल नाहीशी होते, म्हणून ती मॉनिटरलाच परत द्यावी लागते. कमी दिली तर गायिका तंबोऱ्याच्या मागे जाऊन बसते, जास्त दिली तर तार सप्तकात कानाला टोचते. अमेरिकेत हर्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी श्रोत्यांना ऐकवून, त्यांची पसंती नोंदवून एक आलेख बसवला. आज चीनमध्ये बनणारे स्वस्त मॉनिटरही तो किंवा त्याचा एखादा भाऊबंद समोर ठेवून जुळवलेले असतात. मोजायला 711 नावाने ओळखला जाणारा कपलर वापरतात, म्हणजे माणसाच्या कानाची धातूची नक्कल. 8,000 हर्ट्झच्या वर त्याच्यावर फार विसंबू नये. तिथे मॉनिटर किती आत बसलाय यावर आलेख हलतो, आणि गाण्यातले ‘स’ आणि ‘श’ही त्याच कारणाने बोचायला लागतात.

ऐकताना मी तीन गोष्टी धरतो. तंबोऱ्याची जवारी: तिचं वर उठणारं झुंबर सलग यायला हवं, मध्ये भगदाड नको. अभंगातला टाळ: धातूचा नाद आणि मग त्याचं विरणं, वाईट मॉनिटरवर टाळाचा नुसता ‘छस्स’ होतो. आणि केसरबाई केरकरांच्या जुन्या तबकड्या. चकचकीत मॉनिटरवर त्यांतली खरखर पुढे येते आणि बाई मागे राहतात. रुंदीची अपेक्षा मात्र ठेवू नये. बाहेरच्या कानाची पाळी वगळली गेल्यामुळे सभागृह डोक्याच्या आतच भरतं, चांगल्या मॉनिटरवरही.

केबल कानामागून वळवून घालतात ती शोभेसाठी नव्हे. शर्टावर घासल्याची खसखस त्याने आत पोचत नाही. निघणारी केबल असेल तर 0.78 मिलिमीटरच्या दोन पिना किंवा एमएमसीएक्स नावाचा जोड, यांपैकी काहीतरी असतं. घामाने दोन्ही हिरवी पडतात, कोकणात लवकर. चांदीच्या महाग केबलीने आवाज उजळतो म्हणणाऱ्यांशी मी वाद घालत नाही आणि पैसेही देत नाही. फोन किंवा अ‍ॅम्प्लिफायरच्या जॅकचा स्वतःचा अडथळा मात्र बघावा. तो मॉनिटरच्या ओहमच्या एक अष्टमांशाहून कमी हवा, नाहीतर बहु-आर्मेचर मॉनिटरचा तोल बदलतो.

मंचावर आपले बरेच गायक प्रेक्षकांचा अंदाज यावा म्हणून एका कानातला मॉनिटर काढतात. मग उरलेल्या कानात आवाज वाढवून मागतात, आणि मित्राच्या मते नुकसान तिथेच होतं. लोकलमध्येही उघड्या इअरफोनवाला गाडीच्या खडखडाटावर मात करायला आवाज वाढवत नेतो. नीट बसलेल्या रबराने खडखडाट बाहेर राहतो आणि खूप कमी आवाजात काम भागतं. रूळ ओलांडताना मात्र दोन्ही कान मोकळे हवेत.

नवा मॉनिटर घेतलात तर केबल आणि ड्रायव्हरची संख्या नंतर बघा. आधी वेगवेगळ्या मापांची रबरं आणि फोमच्या टिपा आणा, तंबोरा लावून बोटाने दाबून बघा, डाव्या-उजव्याला वेगळं माप लागलं तर खुशाल वेगळं घाला. जाळीवर मळ साचला की एक बाजू हळू वाजते. दुरुस्तीला नेण्याआधी ती पुसा. आवाज शांत खोलीत ठरवा आणि रस्त्यावर तोच ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलला आठवड्याचे 40 तास चालतात, 90 डेसिबलला फक्त 4.