विमानतळाच्या पडद्याआड (भाग 9) : लाल दिवा विझेपर्यंत

मागच्या भागात धावपट्टीवरचा बर्फ कसा हटवतात ते पाहिलं. आता विमान उतरलंय आणि एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करतात त्या आवारात, शिरतंय. जमिनीवरच्या कामगारांची खरी जोखीम इथून सुरू होते.

टोरांटो असो, हेलसिंकी असो की आपलं लेह, हिवाळ्यात एप्रनवरची पिवळी मार्गरेषा बर्फाखाली दडते. बर्फ वितळवायला पंखांवर फवारलेलं ग्लायकोल सांडून जमीन आणखी निसरडी होते. रस्त्यावर टाकतात ते मीठ इथे चालत नाही, त्याने विमानाचा धातू गंजतो. म्हणून ॲसिटेट किंवा फॉर्मेटची रसायनं वापरतात.

अशा जमिनीवर ब्रेक दाबला म्हणून विमान लगेच थांबेलच असं नाही. त्यामुळे विमानाला जागेवर घेणाऱ्या मार्शलरने बाजूला सरकायला मोकळी जागा ठेवूनच उभं राहायचं असतं. थांबायची खूणही तो सावकाश देतो : दोन्ही हात बाजूला ताठ, मग हळूहळू वर नेत डोक्यावर हातांतल्या दिव्यांची फुली. बर्फाच्या झोतात मार्शलर दिसेनासा झाला, तर वैमानिकाने विमान आहे तिथेच थांबवायचं.

विमान थांबलं तरी लगेच जवळ जायचं नसतं. त्याच्या पाठीवर आणि पोटाखाली लुकलुकणारा लाल दिवा विझला पाहिजे आणि इंजिनाची पाती मंदावली पाहिजेत. चाकं अडवणारे रबरी चॉक लावायचे ते त्यानंतर, आणि तेही खालचा बर्फ खरवडून. नाहीतर चॉकच घसरतो.

31 डिसेंबर 2022 रोजी अमेरिकेतल्या माँटगोमेरी विमानतळावर एक कर्मचारी चालू इंजिनात ओढली गेली आणि दगावली. तिथे कारण बर्फाचं नव्हतं. विमान थांबलेलं होतं, पण इंजिनं सुरू होती आणि लाल दिवा लुकलुकत होता. जवळ जाऊ नका, अशी सूचना विमान येण्याआधीच दिली गेली होती.

लाल दिवा विझेपर्यंत थांबायचा हा नियम थंडीत पाळणं आणखी अवघड होतं. उणे 20 अंशांत ताशी 40 किलोमीटर वारा असला, तर अंगाला उणे 34 जाणवतं आणि उघडी कातडी 10 ते 30 मिनिटांत गोठू शकते. कानांवर टोपी, हातांत जाड मोजे, बोटं बधिर. अशा माणसाला काम उरकून आत पळावंसं वाटणारच. त्याला नुसतं ‘सांभाळून राहा’ सांगून भागत नाही. जवळ उबदार खोली, ठरलेल्या वेळाने पाळीबदल आणि उशीर झाला तरी जाब विचारला जाणार नाही ही खात्री, एवढं देणं कंपनीचं कर्तव्य आहे.

आपणही एक करू शकतो. बर्फाळ विमानतळावर दार उघडायला वेळ लागला, तर कुरकूर करू नका. खाली कुणीतरी नियम पाळत थांबलेलं असतं.

(पुढच्या आठवड्यात : पंखांवरचा बर्फ)